सात महिन्यांचा खाडा

सोमवार, ३

हिशोबाची वही पुढून भरते आहे, मागची पाने कोरीच जायची. म्हणून मनातले मागून लिहायचे ठरवले.

भिंगरीला नोकरी लागली. देवा, तुझे उपकार. दातांच्या कवळ्या करायचा कारखाना आहे, मालकीण बाईच आहेत. पुढच्या सोमवारी रुजू व्हायचे. पहिले तीन महिने काम बघणार, मग कायम. लेकीला लहानपणी एका जागी ठरता येत नसे म्हणून ह्यांनी भिंगरी नाव ठेवले होते. आता सव्विसाची झाली आणि मेणाचा दात कोरत तासन्‌तास बसते, पण नाव चिकटले ते चिकटले.

आनंद पोटभर करावा म्हटले, तर पहिल्याच घासाला खडा लागला. जेवणाच्या टेबलावर ती त्यांचा अर्ज भरत होती. यापूर्वी कुठे कुठे काम केले आणि का सोडले, असे विचारले होते. पहिली नोकरी लिहिली, मालक वारले, दुकान मिटले, ठीक. त्याच्याखाली, गेल्या महिन्यापर्यंत सात महिने दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात होती ते यायला हवे. तिथे तिने लिहिले, ‘सात महिने घरी. आईचे आजारपण.’

मी विचारले, "कोण आजारी?"

"तू."

"मला काय झालंय?"

"सांधे."

"अगं, माझे सांधे कधी दुखले?"

"मग तुझ्या सोयीचं दुखणं सांग, ते लिहिते."

हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, "सांधेच राहू दे. पुरावा लागत नाही."

मी म्हटले, डॉक्टरांकडे होतीस तर सरळ तेच लिही ना. ती नुसती "नाही" म्हणाली आणि अर्जाची घडी घालून उठली.

दूधवाल्याचा एक खाडा चुकीचा लागला तरी मला चैन पडत नाही. इथे लेक रोज डबा घेऊन गेली, आणि भरलेल्या सात महिन्यांना खाडा मांडायचा! वर तो माझ्या दुखण्याच्या नावावर.

मंगळवार, ४

का सोडली ते अजून सांगत नाही. गेल्या महिन्यात एक दिवस भर दुपारी घरी आली, तडक न्हाणीघरात गेली. नळ किती वेळ चालू! शेवटी मी दार वाजवले, "अगं, टाकी रिकामी करतेस का?" बाहेर येऊन म्हणाली, "सोडली." का? "सोडली म्हणजे सोडली."

माझा अंदाज, हातून एखादे यंत्र बिघडले असावे. किंवा डॉक्टर बोलले असतील. आमच्या माहेरच्या रक्ताला बोलणी सोसत नाहीत, ते तिच्यात उतरले आहे.

बुधवार, ५

वरच्या मजल्यावरच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि माझ्याच आनंदावर विरजण घालून गेल्या. त्यांचे बंधू मोठ्या कचेरीत माणसे भरती करतात.

"हल्ली मागचं सगळं खणून काढतात हो," वहिनी म्हणाल्या. "त्यांच्याकडे एकाने एक नोकरी लपवली होती. दोन वर्षांनी कळलं. उभ्या उभ्या घालवला."

मी विचारले, काही चांगल्या कारणाने लपवली असेल तर?

"लपवतं कोण? ज्याने काही केलंय तोच. आणि त्यांचं चुकतं कुठे? आपण कामाला बाई ठेवतो तेव्हा आधीच्या घरी विचारून घेतो की नाही?"

घेतो. मी तर दोन घरी विचारते.

वहिनी गेल्यावर जपाला बसले, पण बोटे मणी ओढत होती आणि मन त्या अर्जावर. उठताना उजवा गुडघा करकरला. वास्तू तथास्तु म्हणत असते असे सासूबाई सांगायच्या, ते काही खोटे नाही.

शुक्रवार, ७

सकाळी ती ओट्याशी चहा गाळत होती. बातमी दाखवायला म्हणून हे मागून आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. केवढ्याने दचकली! कपबशी गेली. सहाच्या संचात आता पाच.

अशक्तपणा आहे, दुसरे काही नाही. आजपासून तिचे दूध वाढवले.

हे नंतर बराच वेळ आपल्या हाताकडे बघत बसले होते. चहा गार झाला तरी प्यायले नाहीत.

सोमवार, १०

पहिला दिवस. संध्याकाळी आली ती बडबडतच. कितीतरी दिवसांनी घरात तिचा आवाज ऐकला.

"दात पांढरे नसतातच, आई. आमच्या बाई म्हणतात, पांढरेशुभ्र दात दिले की माणूस हसताना तोंडावर हात धरतो. थोडा पिवळा, थोडा करडा, कडेला जरा झिजलेला, तेव्हा कुठे तो त्याचा वाटतो."

"मग माझा कसला?"

तिने माझी हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. "तुझा काटकसरीचा. एकही फुकट घालवलेला नाहीस."

बाईंनी पहिल्याच दिवशी हात हलका आहे म्हटले. भांडी विसळताना गुणगुणत होती. मला मात्र ते गुणगुणणे उसने आणल्यासारखे वाटत राहिले. आज ना उद्या कुणीतरी परत मागायला येणार. फोन वाजला की हातातले टाकून धावते. आज तीनदा वाजला, तिन्ही वेळा चुकीचा नंबर. चौथ्यांदा वाजू नये म्हणून मीच रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.

मंगळवार, ११

देवापुढे बसले असता मार्ग सुचला. सुचला म्हणजे त्यानेच दाखवला.

डॉक्टरांनी दोन ओळी चांगल्या लिहून दिल्या, तर अर्ज सरळ करता येईल. खोटे जाईल, माझे दुखणे जाईल आणि सात महिन्यांचा अनुभवही सत्कारणी लागेल. मी कापडाची चिंधी टाकत नाही, सात महिने कसे टाकू? रागाच्या भरात काही झाले असेल तर आईने दोन शब्दांनी सारवून घ्यावे.

ती कामावर गेल्यावर धुतलेले पातळ नेसले आणि गेले.

किती अदबीने वागले डॉक्टर! "या आई, बसा." आपल्या हाताने खुर्ची ओढून दिली. मला बरे वाटले. खोलीत गार हवेचे यंत्र चालू आणि दार सताड उघडे! दार आपोआप मिटणारे आहे, ते मिटू नये म्हणून मध्ये एक लाकडी स्टूल अडकवलेले. म्हणजे गार हवा सगळी बाहेर. माझ्याने बघवेना. मी उठून स्टूल बाजूला केले, दार मिटले. लगेच त्यांची मदतनीस मुलगी, असेल वीस-एकवीसची, हातात ट्रे घेऊन आली आणि पायाने स्टूल सरकवून परत दारात लावले.

मी म्हटले, "अगं, वीज फुकट जाते ना."

तिने माझ्याकडे असे बघितले की जणू मी तिला शिवी दिली. डॉक्टर हसले. "असू दे हो. तिला कोंडल्यासारखं होतं म्हणे."

मी भिंगरीचा विषय काढला, दोन चांगल्या ओळी लिहून मागितल्या. "गुणी मुलगी," ते म्हणाले. "एकाएकी का गेली, कळलंच नाही मला. घरी काही बोलली का?"

"एक अक्षर नाही."

"काहीच नाही?"

"नाही हो. तोंडातून काढेल तर शपथ."

त्यांनी चष्मा काढून पुसला, मागे रेलून बसले आणि माझ्यासाठी चहा मागवला. मग आता कुठे लागली, कुठल्या रस्त्यावर, किती वाजता सुटते, कुणी बरोबर असते का, सगळी आपुलकीने चौकशी. मी सगळे सांगितले. विचारलेल्या गोष्टीचे अर्धे उत्तर द्यायची मला सवय नाही.

"अरे वा, त्या बाई माझ्या ओळखीच्या," डॉक्टर म्हणाले. "पत्र कशाला? मी फोनच करतो."

वर माझा दुखरा दात बघितला आणि पैसे घेतले नाहीत. अशा माणसाशी हिचे कसे पटले नाही, देव जाणे.

बुधवार, १२

गुडघ्याची करकर थांबली. भिंगरीला अजून सांगितले नाही. बाईच जेव्हा सांगतील, "अगं, तुझी केवढी तारीफ केली डॉक्टरांनी," तेव्हा तिचा चेहरा बघायचा आहे. वहिनींना मात्र राहवेना म्हणून सांगितले, दात फुकट बघितल्याचेसुद्धा.

गुरुवार, १३

चेहरा बघितला.

दुपारीच आली. चपला न काढता आत आली, टेबलाशी उभी राहिली.

"बाईंनी बोलावलं होतं. डॉक्टरांचा फोन आला म्हणाल्या. मी त्यांच्याकडे सात महिने होते, न सांगता पळाले आणि मी गेल्यावर दातात भरायचं सोनं कमी भरलं. तरी त्यांचं मन मोठं आहे, परत घ्यायला तयार आहेत." एवढे तिने एका दमात सांगितले. मग म्हणाली, "बाईंनी शनिवारपर्यंत घरी राहायला सांगितलंय. त्याला कळलं कसं आई, मी कुठे आहे ते? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं."

हे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटले, "मी गेले होते."

ती ओरडेल असे वाटले होते. ओरडली नाही. हळूच विचारले, "खोलीत तू आणि तोच? दार?"

मी सांगू लागले. दार उघडे होते, स्टूल होते, गार हवा बाहेर जात होती म्हणून मी...

"तू स्टूल काढलंस." ती खुर्चीवर बसली. "आई, ते स्टूल मी लावायला लागले होते. मी गेल्यावर आता ती लावत असेल. मीही म्हणायचे, मला कोंडल्यासारखं होतं. एके दिवशी त्याने ते उचलून बाहेर ठेवलं आणि कडी लावली. त्या दिवशी मी दुपारी घरी आले होते."

पुढचेही तिने सांगितले. ते मी लिहीत नाही. वही माझी आहे, पण ते सांगणे तिचे आहे.

त्या दिवशी तिने नळ सोडला होता आणि मी टाकीची काळजी करत दार वाजवत होते.

शुक्रवार, १४

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार कुणाची कुणाकडे करू?

हे सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. पायात चपला चढवून निघाले. "त्याचे दात घशात घालतो!"

भिंगरी म्हणाली, "घाला बाबा. मग त्याची कवळी मलाच करावी लागेल."

हसायचे नव्हते, पण तिघेही हसलो. हसता हसता हे दाराशीच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. "मला त्या कपबशीच्या दिवशी शंका आली होती गं. विचारायचं धाडस झालं नाही." मी आयुष्यात पहिल्यांदा ह्यांना रडताना बघितले.

आज दिवा लावला, जप केला नाही. देवावर रागावलेली नाही. त्याने मार्ग दाखवला असे म्हणून मी माझीच अक्कल त्याच्या नावावर खपवली होती, त्याची लाज वाटते.

शनिवार, १५

भिंगरी जाणार नव्हती. "राहू दे. दुसरी बघीन. तिथेही विचारतील, तिथेही काहीतरी लिहीन." मग आंघोळ करून आली आणि तयारीला लागली. मी विचारले, "मी येऊ?" माझे तोंड बघून म्हणाली, "चल. पण तुला एकच वाक्य आहे. आजारी नव्हते. पुढे पूर्णविराम."

बाई ठेंगण्या, कपाळावर भिंग सरकवलेले, हातात मेणाचा गोळा. समोरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. सगळे आ वासून माझ्याकडेच बघत आहेत असे वाटले.

"तुम्ही आई? सांधे कसे आहेत?"

"मी आजारी नव्हते," मी म्हटले. त्या बुधवारचा गुडघा जिभेवर आला होता, तो गिळला.

बाई भिंगरीकडे वळल्या. "मला खोटं चालत नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कवळीत केसाएवढी खोट राहिली तरी माणसाचं तोंड सोलून निघतं."

"खोटं लिहिलं," भिंगरी म्हणाली. "खरं त्या रकान्यात मावत नव्हतं. तोंडी सांगते."

आणि सांगितले. तीन-चार वाक्ये असतील. आवाज एकदाच फाटला. मी फळीवरच्या एका जबड्याकडे बघत राहिले, त्याला खालचे दोन दात नव्हते.

बाईंनी घासायचे यंत्र बंद करायला सांगितले. "आणि सोनं?"

"मी मेणकाम करायचे. सोन्याच्या कपाटाची किल्ली त्याच्याच खिशात असते."

"ते ठाऊक आहे मला. किती वर्षं त्याचं काम येतंय इथे." बाई मेण मळत होत्या, मळता मळता थांबल्या. "तुझ्याआधी एक मुलगी होती माझ्याकडे. तिनेही त्याच्याकडचं वर्ष कोरं ठेवलं होतं. त्याचाच फोन आला, तेव्हा कळलं. मी तिला काढली. खोटं चालत नाही म्हणून काढली."

बाईंनी मेण खाली ठेवले, हात पुसले, कोरा अर्ज काढून भिंगरीपुढे सरकवला.

"त्याचं काम आज बंद केलं तर दोन माणसं घरी बसवावी लागतील मला. ते मला जमणार नाही, उगीच मोठेपणा सांगत नाही. पण त्याचे साचे तुझ्या टेबलावर येणार नाहीत, आणि तुझ्याबद्दल त्याचा फोन मी घेणार नाही. खरं लिही. सोमवारी ये. तीन महिने पहिल्यापासून मोजणार."

भिंगरीने डॉक्टरांचे नाव लिहिले. कारण लिहिले, ‘मालकाचे वागणे.’ बाईंनी वाचले, भिंग डोळ्यावर ओढले, पुन्हा वाचले आणि सही केली.

जिना उतरताना मी पुटपुटले, "अर्धंच केलं बाईंनी. त्याचं काम तर चालूच."

"अर्धं?" ती म्हणाली. "आई, खरं लिहिलं आणि नोकरी राहिली. मला वाटलं होतं या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या वाट्याला येत नाहीत."

मंगळवार, १८

दोन दिवस कामावर गेली. ह्यांना ती एकटी जाऊ नये असे वाटते. सुटायच्या वेळी समोरच्या फुटपाथवर उभे राहतात आणि योगायोगाने भेटल्याचे सोंग करतात. तिने आज विचारले, "बाबा, रोज कसला योगायोग?" तर म्हणाले, "माझे सांधे धरलेत. डॉक्टरने चालायला सांगितलंय."

मी आत जाऊन पदर तोंडाला लावला. हसू होते की काय होते, कळले नाही.

रविवार, २३

सकाळी वहिनी खुशीत आल्या. त्यांच्याकडे राहायला आलेल्या भाचीला नोकरी लागली, उद्यापासून. कुठे? त्याच डॉक्टरांकडे.

"तिथली मुलगी परवा न सांगता निघून गेली म्हणे. हल्लीच्या पोरींना जबाबदारी कशी ती नाही! मी म्हटलं, तुमचा दात फुकट बघणारे, देवमाणूस असणार. तुम्हीच तर सांगितलंत." वहिनी हसल्या. "तुमची भिंगरी असते त्या कामात. जरा विचारून ठेवा, आमच्या पोरीने कसं वागायचं तिथे."

मी तोंड उघडले. मग मिटले. सांगावे, तर दुपारच्या चहाच्या आत सगळ्या जिन्याला कळणार. उद्या भिंगरीच्या लग्नाची बोलणी निघाली तर तिथेही पोहोचणार. न सांगावे, तर सकाळी दुसऱ्याची लेक डबा घेऊन निघणार आणि तिला मी पाठवल्यासारखे होणार. आधीच्या घरी विचारून घेतो म्हणाल्या होत्या वहिनी. विचारलेही, मलाच, आणि मी काय उत्तर देऊन बसले होते!

तरी बोलले नाही. एकदा तिला न विचारता तोंड उघडून बघितले आहे. "सांगते थोड्या वेळाने," म्हटले आणि दार लावून भिंगरीकडे गेले. ती नखांत अडकलेले मेण काडीने काढत होती. सगळे सांगून मी म्हटले, "मी सांगू का वर जाऊन? तुझं नाव घेणार नाही. कुणीतरी सांगितलं म्हणेन."

तिने एका हाताची नखे साफ केली, मग दुसऱ्या हाताची. हे टेबलाशी होते, वर्तमानपत्राचे पान उलटायचे थांबले होते.

"कुणीतरी म्हटलंस की वहिनी म्हणणार, लोक काय, काहीही बोलतात," ती म्हणाली. "मी येते. तू नुसती बरोबर बस."

"उद्या सगळ्यांना..."

"माहीत आहे, आई."

आम्ही वर गेलो. वहिनी भाजी परतत होत्या. "अगं, या या! दोघी दोघी? काय काम काढलंत?"

भिंगरी पाटावर बसली. हात मांडीवर ठेवले. "वहिनी, मी ते सात महिने कुठे कामाला होते, ते तुम्हाला सांगायचंय," ती म्हणाली. "भाचीलाही बोलवा."

वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितले. मी भिंगरीच्या शेजारी पाट ओढून बसले. त्यांनी गॅस बंद केला, आतल्या खोलीकडे तोंड करून भाचीला हाक मारली आणि भिंगरीसमोर येऊन बसल्या.